लाइन (सोलापूरकडचा वापर)

लाइन (स्त्री.; खेड्यात ‘लैन’) : रांग, रूळ, विजेची तार, पाण्याचा नळ, धंदा, फिरतीचा मार्ग, पोलिसांची वसाहत आणि जमू पाहणारे प्रेम अशा नाना अर्थांनी सोलापूर शहर-जिल्ह्यात चालणारा इंग्रजी शब्द. अनेकवचन लाइनी, लाइनीत, लाइनीवर अशी रूपे होतात. ओळ, रांग, रेघ, दोरी या सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून हिलाही बहुधा तेच लिंग मिळाले.

मूळ : शब्द निघाला जवसातून. लॅटिनमध्ये जवस म्हणजे ‘लिनम’. त्याच्या खोडातल्या तंतूंची दोरी ती ‘लिनिआ’. लिनन कापड, लिनसीड तेल आणि शिंप्याकडचे लाइनिंग, म्हणजे अस्तर, ही याच घरची भावंडे. आपल्याकडे जवस तंतूसाठी नव्हे, बियांसाठी पेरतात, त्यामुळे सोलापूरकराची त्याच्याशी ओळख भाकरीबरोबरच्या चटणीतूनच.

दोरी ताणली की सरळ रेघ मिळते. रेघेवरून ओळ, ओळीवरून रांग, मग मार्ग, सीमा, वंश, व्यवसाय असा इंग्रजीत हा शब्द पसरत गेला. यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण मराठीतल्या ‘सूत’ने नेमका हाच प्रवास केला आहे. सूत म्हणजे धागा. सुताराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बिघडलेल्या पोराला सुतासारखा सरळ करतात. दोघांचे सूत जुळते. खुद्द ‘सुतार’ हा शब्द सूत्रधारावरून आला. आता त्याच पोराला ‘लाइनीवर आणतात’ आणि सूत जुळण्याआधी कुणीतरी ‘लाइन मारलेली’ असते, समोरून ‘लाइन दिलेली’ असते. प्रेमाचा हा अर्थ इंग्रजीने दिलेला नाही, इकडचाच आहे.

रूळ आणि वसाहती : सोलापुरात आगगाडी 1860 साली पोचली आणि 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांची ‘जुनी मिल’, उभी राहिली. गाडी नि गिरणी यांनी आणलेल्या शब्दांत लाइन पुढे होती. जिल्ह्यात 1897 पासून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद लाइनही धावली. ती पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. स्टेशनाजवळच्या वस्तीचे नाव ‘रेल्वे लाइन्स’. इथे मात्र इंग्रजी अनेकवचन जसेच्या तसे राहिले. ‘रेल्वे लाइनीत राहतो’ म्हटले तर ऐकणारा घाबरेल. या ‘लाइन्स’चा अर्थ रूळ नव्हे, ओळीने बांधलेली घरे. इंग्रजांच्या छावणीत शिपायांच्या निवासांना तसे म्हणत. पोलीस लाइन त्यातलीच, आणि तिथे वाढलेला मुलगा तो ‘लाइन बॉय’.

पुढच्या स्टेशनाने वाट मोकळी असल्याचे कळवल्याखेरीज गाडी सोडत नाहीत. त्या परवानगीला ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. कचेरीत साहेब बाहेर पडले की कारकून हेच दोन शब्द उच्चारतो.

धंदा : ‘कुठल्या लाइनीत?’ या प्रश्नाला ‘आमची लाइन टॉवेलची’ हे अस्सल सोलापुरी उत्तर. पण त्याच उत्तर देणाऱ्याच्या कारखान्यात शिरा. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे बीमवरून, ते गुंडाळलेल्या मोठ्या रिळावरून, उलगडत येतात. एखादा तुटला आणि माग चालवणाऱ्याच्या नजरेतून सुटला, तर कापडात उभी रेघ पडत जाते. मग माग थांबवून टोक शोधायचे, गाठ मारायची. शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे धागा, इथे डोळ्यांसमोर ताणलेला असतो, आणि त्याला लाइन कुणीच म्हणत नाही, ते सूतच.

विक्रेत्याची लाइन म्हणजे ठरल्या वारी फिरायचा पट्टा : सोमवारी मोहोळ लाइन, मंगळवारी अक्कलकोट लाइन.

वीज आणि पाणी : घरात ‘लाइट गेली’, पण रानात ‘लाइन गेली’. टेस्टर लावून ‘लाइन येतेय का बघ’ म्हणतात तेव्हा अर्थ फेज, म्हणजे वीज खेळती असलेली तार. पाण्याची लाइन म्हणजे पाइपलाइन. उजनीहून शहराला पाणी आणणारी लाइन फुटली की नळाला आधीच काही दिवसांआड येणारे पाणी आणखी लांबते, आणि टँकरपुढे घागरींची दुसरी लाइन लागते.

बांधकाम : गवंडी आधी दोन टोकांच्या विटा बसवतो, मध्ये दोरी ताणतो आणि उरलेल्या विटा तिच्या कडेने लावत जातो. या दोरीचे नाव लाइनदोरी. दोरी-दोरीच म्हणायची! पण दोन हजार वर्षांचा प्रवास करून हा शब्द जिथून निघाला तिथे परत आला तो या गवंड्याच्या हातात. इमारतीच्या पायाच्या खुणा करून फक्की, म्हणजे पांढरी भुकटी, मारतात, ते लाइनआउट.

न रुजलेले अर्थ : कवितेची लाइन अजून ओळच आहे, चेहऱ्यावरची सुरकुती, गळाची दोरी. कपडे वाळत घालायची तर अगदी अस्सल लॅटिन अर्थाची वस्तू, तीही दोरीच. रांगेच्या अर्थानेही लाइनीला सगळीकडे शिरकाव नाही. रेशनला, बँकेत, तिकिटाला लाइन लागते. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांशी पोचायला तासन्‌तास उभे राहतात ती मात्र बारी, दर्शनबारी.