गाण्यातला खून आणि गायकाचं राजकारण, दोन्हीची खिचडी करू नका राव

परवा सांगलीवरनं मिरजेला निघालो होतो, भाचा शेजारी, ताई मागं, आणि ह्या पठ्ठ्यानं ब्लूटूथवर पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला लावला. पंजाबी आमच्यात कुणालाच धड कळत नाही, पण मधी बंदुकीचा आवाज येतो तो कळतो की. विश्रामबागला सिग्नलवर ताई म्हणाली, "बंद कर ते, असलं ऐकूनच पोरं बिघडत्यात, आणि तो इलेक्शनला पण उभा राहिलता म्हणं." राहिला होता, २०२२ ला मानसामधनं काँग्रेसकडनं, आणि पडला. पण ताईनं एका दमात दोन वेगळे आरोप केले आणि आपण सगळेच असं करतो, गाण्यात काय आहे आणि गाणाऱ्याचं काय आहे हे एकाच पिशवीत कोंबतो.

गाण्यातला "मी" म्हणजे गायक नव्हे. अमेरिकेतला गायक जॉनी कॅश १९५५ ला एका कैद्याचं गाणं गायला, त्यातला माणूस म्हणतो मी एकाला गोळी घातली, का तर मरताना बघायचं होतं. कॅशनं कुणाला मारलं नव्हतं, किरकोळ भानगडीत काही वेळा एकेक रात्र कोठडीत काढली तेवढीच. १९६८ ला त्यानं फॉल्सम जेलमधी जाऊन कैद्यांसमोरच ते म्हटलं, आणि रेकॉर्डवर त्या ओळीला कैदी जो जल्लोष करतात ना, तो नंतर स्टुडिओत चिकटवलेला आहे! खऱ्या कैद्यांना ती ओळ बहुतेक एवढी मजेची वाटली नसणार, हा आपला माझा अंदाज.

आपल्याकडं तर हे जुनंच आहे. अफझलखान वधाचा पोवाडा घ्या, प्रतापगड आमच्या शेजारच्या साताऱ्यात, शाहीर डफावर थाप मारतो, वाघनखं येतात, कोथळा बाहेर येतो आणि "जी जी रं जी". लहानपणी मांडवात पुढं बसून ऐकायचो, अंगावर सरसरून काटा यायचा, मग घरी येऊन आमटी-भात खाऊन झोपायचो.

आता दुसरी गोष्ट, राजकारण. ते गाण्यात असेलच असं नाही. जर्मन संगीतकार वॅग्नरच्या संगीतात ज्यूंना कुणी शिव्या देत नाही, पण माणसानं १८५० ला ज्यूंविरुद्ध लेख लिहिला, आधी टोपणनावानं आणि १८६९ ला उघड स्वतःच्या नावानं. इस्रायलमधी आजही त्याचं संगीत वाजवायचं म्हटलं की वाद होतो. २००१ ला बारेनबॉइम नावाच्या वाद्यवृंद-संचालकानं जेरुसलेमला कार्यक्रम संपल्यावर लोकांना विचारून वाजवलं तर काहीजण उठून गेले. मला वाटतं उठून जाणाऱ्यांचंही बरोबर होतं आणि बसणाऱ्यांचंही. उलट आमच्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, त्यांनी राजकारण कधी लपवलंच नाही, कलापथकाच्या नावातच लाल बावटा. तरी कम्युनिस्टांचं नाव काढलं की नाक मुरडणारे आमचे एक काका त्यांच्या लावणीला डोळे पुसतात.

मग गाणं धोक्याचं कधी होतं? आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ ला तुत्सी जमातीचा नरसंहार झाला. तिथं सायमन बिकिंडी नावाचा गायक होता, तुत्सींविरुद्ध द्वेष भडकवायला त्याची गाणी वापरली गेली. खटला झाला, २००८ ला पंधरा वर्षं शिक्षा लागली, पण गाण्यांसाठी नाही! गाडीवर लाऊडस्पीकर लावून तुत्सींना मारा म्हणून सांगत फिरला होता त्यासाठी. कोर्टानं गाण्यातला विखार मान्य केला, पण गाणी १९९४ च्या आधीची आणि त्या वर्षी ती रेडिओवर वाजली त्यात ह्याचा हात होता हे सिद्ध झालं नाही. म्हणजे शब्दांइतकंच, ते कुठं, कधी, कुणाच्या दिशेनं सोडले हे पण बघायला लागतं. हे आम्हाला कुणी रवांडातनं येऊन शिकवायची गरज नाही. मांडवातला तोच अफझलखानाचा प्रसंग २००९ च्या गणपतीत मिरजेत कमानीवर चित्र होऊन लागला, वाद पेटला, दंगल झाली, कर्फ्यू लागला. गोष्ट तीच होती हो.

हे सगळं मी गाडीत मोठ्या ऐटीत सांगितलं. भाचा खूश, मामा आपल्या बाजूनं. ताई गप्प होती, मग म्हणाली, "आणि तो खरी बंदूक घेऊन नेम धरतानाचा व्हिडिओ?" तो आहे, २०२० चा, रेंजवर एके-४७ चालवतानाचा, त्यावरनं मूसेवालावर केस पण झाली होती. तिथं गाण्यातला कोण आणि खरा कोण? मी भाच्याला विचारलं, तू बघितलास काय, तुला काय वाटलं? म्हणाला, "गाण्याचाच व्हिडिओ वाटला की मामा."

तेवढ्यात मिरज आली, मी पार्किंग शोधायला लागलो.