सेंटॉर (अग्निबाणाचा वरचा टप्पा)

सेंटॉर हा द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन यांवर चालणारा, अवकाशात उडालेला जगातील पहिला अग्निबाण टप्पा. तो अमेरिकेत विकसित झाला. सुरुवातीला तो अ‍ॅटलस क्षेपणास्त्रावर बसवून उडवत.

तेवढ्याच वजनाच्या केरोसिनपेक्षा हायड्रोजन कितीतरी अधिक जोर देतो, हे अग्निबाणशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण तो द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान लागते, टाकी मोठी लागते आणि बारीकशा फटीतूनही तो निसटतो. जर्मनीतून अमेरिकेत आलेले अभियंते क्राफ्ट एरिके यांनी सॅन डिएगोच्या कॉन्व्हेअर कंपनीत असा टप्पा बांधण्याची योजना मांडली. १९५८ मध्ये तिला संरक्षण खात्याची मंजुरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी काम नासाकडे गेले.

टाकीची रचना धाडसी होती. व्यास सुमारे ३ मीटर, पण स्टेनलेस स्टीलचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, आणि आत सांगाडा नाही. फुग्याप्रमाणे केवळ आतल्या दाबावर ती ताठ राही. वजन वाचवण्यासाठी दोन्ही द्रवांच्या मध्ये एकच दुहेरी पडदा ठेवला होता : एका बाजूला उणे १८३ अंशांचा ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला त्याहून ७० अंशांनी थंड हायड्रोजन. पडद्यातून उष्णता पलीकडे गेली की हायड्रोजन उकळू लागे. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या आरएल-१० या दोन इंजिनांत मात्र याच थंडपणाचा सुरेख उपयोग केला होता. हायड्रोजन आधी ज्वलनकक्षाच्या भिंतीतल्या नळ्यांतून फिरे, भिंत थंड ठेवे, स्वतः तापून पंपाचे टर्बाइन फिरवी आणि मगच जळे.

८ मे १९६२ रोजी केप कॅनाव्हेरलहून पहिले उड्डाण झाले. हवेच्या माऱ्याने टाकीवरचे उष्णतारोधक आवरण सुटले आणि मिनिटभराच्या आतच सारे यान फुटले. प्रकल्प सांभाळणाऱ्या नासाच्या मार्शल केंद्राचे प्रमुख वेर्नर फॉन ब्राउन यांनी सेंटॉर रद्द करावा असे सुचवले. नासाने तसे न करता त्याच वर्षी तो क्लीव्हलंडच्या ल्युइस संशोधन केंद्राकडे, तेथील प्रमुख एब सिल्व्हरस्टीन यांच्याकडे सोपवला. या केंद्राला हायड्रोजन हाताळण्याचा अनुभव होता, त्यामुळे हा निर्णय निर्णायक ठरला.

२७ नोव्हेंबर १९६३ च्या दुसऱ्या उड्डाणात इंजिने अवकाशात नीट चालली. जून १९६४ मध्ये तिसरे उड्डाण द्रवचालित पंपातील बिघाडाने फसले. खरी अडचण ११ डिसेंबर १९६४ च्या चौथ्या उड्डाणात समोर आली. यात इंजिने अवकाशात दोनदा पेटवायची होती. पहिले प्रज्वलन उत्तम झाले. पण इंजिन बंद होताच वजनरहित अवस्थेत द्रव हायड्रोजन टाकीच्या वरच्या बाजूला उसळला, वायू सोडण्याच्या झडपेतून बाहेर पडू लागला आणि त्या धक्क्याने टप्पा गरगरू लागला. इंधन तळाशी बसवण्यासाठी ठेवलेली छोटी इंजिने फारच दुबळी होती. इंजिन दुसऱ्यांदा धड चाललेच नाही. हे वर्तन जमिनीवरच्या चाचण्यांत पूर्णपणे तपासणे शक्य नव्हते. त्यानंतर टाकीत हेलकावे रोखणारे अडथळे घातले, छोट्या इंजिनांचा जोर वाढवला आणि वायू समतोल सुटेल अशी सोय केली.

२ मार्च १९६५ ला खालच्या अ‍ॅटलसची इंजिने उड्डाणाच्या क्षणीच बंद पडली आणि यान तळावरच कोसळून जळाले. यात सेंटॉरचा दोष नव्हता. ऑगस्टमधले उड्डाण यशस्वी झाले. एप्रिल १९६६ मध्ये दुसरे प्रज्वलन पुन्हा हुकले, पण सर्व्हेयर-१ ला चंद्राकडे धाडायला एकच प्रज्वलन पुरेसे होते. ३० मे १९६६ ला निघालेले हे यान २ जूनला चंद्रावर अलगद उतरले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला इंजिने अवकाशात पुन्हा पेटवण्याची चाचणी अखेर यशस्वी झाली. पुढे पायोनियर-१० आणि दोन्ही व्हॉयेजर याने सेंटॉरनेच मार्गस्थ केली. जानेवारी २०२४ मध्ये प्रथम उडालेल्या व्हल्कन अग्निबाणावरील सेंटॉर-५ मध्येही दाबावर ताठ राहणारी स्टीलची टाकी आणि आरएल-१० इंजिनांची जोडी कायम आहे.