साइडिंगच्या ग्रँटची भानगड: सरकारचे पैसे भिंतीच्या आत जातात, बाहेर नाही

अमेरिकेत स्वतःचं घर असलेल्या माणसाला ही जाहिरात कधी ना कधी दिसतेच, तुमच्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) एनर्जी एफिशियंट साइडिंगसाठी सरकारी ग्रँट आली आहे, झिपकोड टाका आणि क्वालिफाय होताय का बघा. झिपकोड टाकला की ग्रँट येत नाही, कॉन्ट्रॅक्टरचे फोन येतात. आता हे सगळं शंभर टक्के खोटं आहे असंही नाही, कारण साइडिंगला स्थानिक मदत मिळते, काही जणांना मिळालेली आहे, पण ती एनर्जीच्या पैशातून जवळजवळ कधीच नसते, ती दुसऱ्याच खिशातून येते. हे दोन खिसे वेगळे का झाले ते बघायला नव्वद वर्षं मागे जावं लागतं.

आधी वस्तू काय आहे ते. तिकडची बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, आणि त्या सांगाड्याला बाहेरून जे आवरण लावतात ते साइडिंग. पूर्वी लाकडी फळ्या, मग ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या चौकटी, दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियम, नंतर व्हायनल म्हणजे प्लॅस्टिक, आणि हल्ली फायबर सिमेंट. कोकणात पावसाच्या तोंडाच्या भिंतीला झाप बांधतात ना, काम तेच, पाणी आणि वारा अडवणं. थंडी अडवायचं काम साइडिंगचं नाहीच, ते आतल्या पोकळीतल्या इन्सुलेशनचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या भरावाचं. साडेतीन इंचाच्या पोकळीत नीट भरलेल्या फायबरग्लासला आर-१३ वगैरे रेटिंग असतं (आकडा मोठा तितकी उष्णता जास्त अडते) आणि साध्या व्हायनलला आर-१ सुद्धा धड नसतं. सगळी गोष्ट या एका फरकावर उभी आहे म्हणून आधीच सांगून टाकलं.

पहिला पैसा आला १९३४ मध्ये, रूझवेल्टच्या नॅशनल हाउसिंग ॲक्टमधून. मंदीत सुतार, रंगारी, पत्रेवाले सगळे घरी बसलेले, बँका कर्ज देईनात, म्हणून सरकारने टायटल वन नावाची सोय काढली. घरदुरुस्तीचं कर्ज बँकेने द्यायचं आणि बुडालं तर बऱ्याच नुकसानीची हमी फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने (एफएचए) घ्यायची. ही ग्रँट नव्हती, एनर्जीचा तर संबंधच नव्हता, हेतू एवढाच की लोकांच्या हाताला काम मिळावं. पण सरकारी पाठबळाने घराचं बाहेरचं रूप बदलता येतं ही कल्पना लोकांच्या डोक्यात इथून शिरली, आणि सेल्समनच्या डोक्यात तर फारच पक्की.

युद्धानंतर ॲल्युमिनियमचे कारखाने मोकळे झाले, साइडिंगची लाट आली आणि दारोदारच्या सेल्समनने धुमाकूळ घातला. पद्धत ठरलेली. तुमचं घर आम्ही मॉडेल होम म्हणून वापरणार, ते बघून शेजाऱ्याने काम दिलं की तुम्हाला कमिशन, म्हणजे तुमचं काम फुकटातच पडेल. कागदांच्या गठ्ठ्यात काम पूर्ण झाल्याच्या सर्टिफिकेटवरही आधीच सही घ्यायची, ते बँकेत दाखवून पैसे उचलायचे आणि पसार व्हायचं. बँकेला काळजी नाही, तिला सरकारची हमी. घरमालक मात्र हप्ते भरत बसला. १९५४ मध्ये हे इतकं उघड्यावर आलं की एफएचएच्या कमिशनरला जावं लागलं, सिनेटर होमर केपहार्ट यांच्या कमिटीने चौकशी लावली आणि त्याच वर्षीच्या हाउसिंग ॲक्टमध्ये टायटल वनचे नियम आवळले. माझ्या मते साइडिंग हा शब्द ऐकला की सरकारी माणूस दचकतो त्याचं मूळ इथे आहे. अर्थात हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण पुढचे नियम बघा.

आता दुसरा धागा. १९६४ मध्ये जॉन्सनच्या गरिबीविरोधी मोहिमेतून गावोगावी कम्युनिटी ॲक्शन एजन्सी, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या स्थानिक संस्था, उभ्या राहिल्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, तीन डॉलरच्या आसपासचं बॅरल काही महिन्यांत बारा डॉलरजवळ गेलं आणि मेनसारख्या राज्यात, जिथे घरं तेलावर तापतात, गरीब माणसासमोर जेवण की हीटिंग असा प्रश्न आला. एजन्सीवाल्यांनी मग जे हाताशी होतं ते केलं, खिडक्यांना प्लॅस्टिक, दाराला पट्ट्या, फटींत कॉल्क म्हणजे बुजवायचा लगदा. त्यातूनच ऑगस्ट १९७६ मध्ये प्रेसिडेंट फोर्ड यांच्या सहीने वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्राम आला, म्हणजे गरिबांची घरं थंडीवाऱ्यापासून बंदिस्त करून द्यायची योजना. सुरुवातीला एका घरामागे मटेरियलला ४०० डॉलरची मर्यादा आणि मजूर दुसऱ्या रोजगार योजनेतून आणायचे, त्यामुळे साइडिंग बदलायचा विचारसुद्धा कुणी करणं शक्य नव्हतं. पुढे मर्यादा कितीतरी वाढली, ब्लोअर डोअर, म्हणजे दारात बसवायचा मोठा पंखा, लावून घराची गळती मोजायला लागले, पण मूळ तत्त्व तेच राहिलं: खर्च केलेला डॉलर बिलात बचत होऊन परत आला पाहिजे. ॲटिकचं म्हणजे माळ्याचं इन्सुलेशन या गणितात पास होतं, फटी बुजवणं पास होतं, नवं साइडिंग दर वेळी नापास होतं. फार तर एखादा तुटका भाग इन्सुलेशनचं काम टिकावं म्हणून आनुषंगिक दुरुस्तीत बसतो. तेवढंच.

आणि गंमत म्हणजे जवळपास त्याच सुमारास दुसरा खिसा शिवला जात होता. निक्सनने जानेवारी १९७३ मध्ये जुन्या हाउसिंग योजना गोठवल्या, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये फोर्डच्याच सहीने कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट आली, म्हणजे वॉशिंग्टनने शहराला आणि काउंटीला एकगठ्ठा पैसे द्यायचे आणि ते कशावर घालायचे हे बऱ्याच अंशी स्थानिकांनी ठरवायचं, फक्त मोठा वाटा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या कामी आला पाहिजे. यातून शेकडो गावांनी घरदुरुस्ती योजना काढल्या. इथे बचतीचं गणित कुणी मागत नाही, इथे प्रश्न असतो घर कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, आहे का, पाणी गळतंय का, भिंत कुजली आहे का. साइडिंग बसतं ते इथे. बहुतेक ठिकाणी ही मदत म्हणजे माफ होणारं कर्ज असतं, घरावर बोजा चढवतात, ठरलेली वर्षं तुम्ही तिथेच राहिलात तर तो उतरतो, मधेच घर विकलंत तर काही किंवा सगळे पैसे परत. जाहिरातीत याला सरळ ग्रँट म्हणून टाकतात.

खेड्यात आणखी एक जुना मार्ग आहे, १९४९ च्या हाउसिंग ॲक्टचं सेक्शन ५०४, कृषी खात्याकडून. फार कमी उत्पन्नाच्या घरमालकाला एक टक्क्याने कर्ज, आणि ६२ वर्षांच्या पुढच्यांना, कर्ज फेडणं झेपत नसेल तर, धोके काढण्यासाठी १०,००० डॉलरपर्यंत ग्रँट.

मग १९७८ चा एनर्जी टॅक्स ॲक्ट, कार्टरच्या काळातला. इन्सुलेशन वगैरेच्या पहिल्या २,००० डॉलरवर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर टॅक्स क्रेडिट, तेवढा टॅक्स थेट कमी. लगेच प्रश्न आला की इन्सुलेशन कशाला म्हणायचं, कारण पडदेवाल्यापासून साइडिंगवाल्यापर्यंत सगळेच सांगायला लागले की आमच्या मालाने उष्णता अडते. टॅक्सच्या नियमांत मग स्पष्टच लिहिलं की ज्याचं मुख्य काम दुसरं आहे ते चालणार नाही, आणि उदाहरणांत कार्पेट, पडदे, लाकडी पॅनेलिंग यांच्या रांगेत बाहेरचं साइडिंगही बसवलं. ते क्रेडिट १९८५ अखेर संपलं, २००५ च्या कायद्याने पुन्हा क्रेडिट आलं तेव्हाही मुख्य काम काय हीच कसोटी.

सरकारचे पैसे भिंतीच्या आत गेले म्हणून सगळं गोड झालं असंही नाही हां. शेजारी कॅनडाने १९७७ पासून घरांच्या इन्सुलेशनला ग्रँट दिली, त्या पैशातून बऱ्याच लोकांनी बाहेरून भोकं पाडून यूरिया फॉर्माल्डिहाइडचा फेस भिंतीत भरून घेतला, मग त्यातून वायू सुटतो म्हणून तक्रारी आल्या आणि डिसेंबर १९८० मध्ये त्याच सरकारने तो फेस बंद केला, वर तो काढायला मदत द्यायची वेळ आली. अमेरिकेत १९८२ मध्ये बंदी आली आणि पुढच्याच वर्षी कोर्टाने ती उडवली, पण तोवर धंदा बसला होता.

नंतर त्या जागी आलं सेल्युलोज, म्हणजे रद्दी कागदाचा प्रक्रिया केलेला भुसा. न्यू इंग्लंडातली जुनी तीन मजली लाकडी घरं घ्या, वुस्टर, बॉस्टन भागात रांगाच्या रांगा आहेत, भिंती आतून रिकाम्या. माणसं येतात, व्हायनलची एक पट्टी हुकने सोडवतात, आतल्या फळीला भोक पाडतात, पाइप घालून सेल्युलोज दाबून भरतात, बूच मारतात, पट्टी परत बसवतात. साइडिंग तेच राहतं आणि घर गरम राहतं. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह या कार्यक्रमातून, म्हणजे वीज आणि गॅसच्या बिलातल्या पैशातून, या कामाचा मोठा वाटा किंवा कमी उत्पन्न असेल तर पूर्ण खर्च निघतो. पण बाहेर ॲस्बेस्टॉसच्या चौकटी असतील तर भोक पाडता येत नाही, आणि १९७८ च्या आधीचं घर असेल तर लेडच्या म्हणजे शिशाच्या रंगाचे नियम, जे एप्रिल २०१० पासून कॉन्ट्रॅक्टरवर कडक झाले. म्हणजे साइडिंगला पैसे मिळत नाहीत आणि साइडिंगमुळे इन्सुलेशनही अडतं. वेदरायझेशनवाले अशा घराची फाइल बाजूला ठेवतात, छत गळतं, बुरशी आहे, जुनं वायरिंग आहे, आधी ते दुरुस्त करा मग या. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज तोच परत जातो, हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात वाईट वाटतं.

२००९ च्या मंदीत ओबामांच्या पॅकेजने वेदरायझेशनला एकदम ५ अब्ज डॉलर दिले आणि उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या दुप्पट केली, ती आजही तीच आहे. साइडिंग कंपन्यांनीही तोवर मागे फोम चिकटवलेलं इन्सुलेटेड साइडिंग बाजारात आणलं होतं, पुढे एनर्जी कोडच्या व्याख्येतही ते आलं, किमान आर-२ ची अट घालून. आर-२! आर-१३ च्या शेजारी ठेवून बघा. पण ब्रोशरवर एनर्जी एफिशियंट छापायला तेवढं पुरतं.

ऑगस्ट २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमध्ये रिबेटसाठी ८.८ अब्ज डॉलर ठेवले, वाटप राज्यांमार्फत, त्यात एका भागात इन्सुलेशन आणि एअर सीलिंगला (फटी बुजवायला) १,६०० डॉलरपर्यंत. टॅक्स क्रेडिटही ३० टक्के, इन्सुलेशनसारख्या कामांना वर्षाला १,२०० डॉलरपर्यंत झालं. ‘फ्री साइडिंग’च्या जाहिरातींचा सुकाळ झाला तो यानंतर. त्यातलं टॅक्स क्रेडिट जुलै २०२५ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ ला बंद केलं, तरी कुणी अजून ते गृहीत धरून कोटेशन देत असेल तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

दोन खिसे जोडायचा खरा प्रयत्न मला दिसतो तो पेन्सिल्व्हेनियात. तिथे २०२२ मध्ये राज्याच्या सिनेटमधले सिनेटर निकिल सावल यांच्या पुढाकाराने होल होम रिपेअर्स प्रोग्राम आला, कोविडच्या फेडरल मदतीतले १२५ मिलियन डॉलर, वाटप काउंटीमार्फत, भागाच्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत असाल तर घरामागे ५०,००० डॉलरपर्यंत. दुरुस्ती आणि एनर्जी एकाच अर्जात, म्हणजे कुजलेली भिंत उघडली की तिथेच इन्सुलेशन भरा आणि वरून आवरण लावा. अर्ज इतके आले की अनेक काउंट्यांनी लवकरच खिडकी बंद करून वेटिंग लिस्ट केली, आणि पुढच्या बजेटमध्ये पैसे मागायला गेले तेव्हा राजकारणात अडकलं.

फेडरल बाजूने त्याच २०२२ मध्ये वेदरायझेशन रेडिनेस फंड सुरू झाला, बाजूला ठेवलेल्या घरांची आधी दुरुस्ती करून त्यांना रांगेत परत आणायला. पहिल्या वर्षी त्यात होते १५ मिलियन डॉलर, सगळ्या देशासाठी. त्यामुळे न्यू जर्सी काय किंवा ओहायो काय, आज कुणाला भिंतीसाठी मदत शोधायची असेल तर दोन वेगळे फोन करावे लागतात, इन्सुलेशनसाठी कम्युनिटी ॲक्शन एजन्सीला किंवा वीज-गॅस कंपनीला, आणि साइडिंगसाठी काउंटीच्या किंवा टाउनच्या हाउसिंग रिहॅब ऑफिसला, तिथे कागद मागतात उत्पन्नाचे, घराच्या मालकीचे आणि टॅक्स भरल्याचे.