सातबाऱ्यावर नाव असले म्हणजे मालकी पक्की?

‘सातबारा ज्याच्या नावावर, जमीन त्याची’ हा समज गावोगावी आहे, आणि रोजच्या व्यवहारात तो बहुतेक वेळा खरा ठरतोही. पण सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार त्यातील प्रमाणित नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफाराने (सातबाऱ्यावरील बदलाच्या नोंदीने) मालकी निर्माण होत नाही. ती खरेदीखत, वाटणी, वारसा किंवा बक्षीसपत्रातून येते. फेरफार तिची फक्त दखल घेतो. म्हणूनच वारसनोंदीत बहिणीचे नाव राहून गेले, तरी तिचा हिस्सा तेवढ्याने बुडत नाही. अनेक व्यवहार अडकतात ते इथेच.

जमीन घेण्यापूर्वी पडताळणी अशी करा: सातबाऱ्यावरील प्रत्येक फेरफार क्रमांकाचा उतारा काढून नोंद कोणत्या दस्तावरून झाली ते वाचा. त्या दस्ताची सूची क्रमांक 2 (नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा, इंडेक्स टू) दुय्यम निबंधक कार्यालयातून घेऊन क्षेत्र आणि नावे जुळवा. जमिनीच्या मागील साधारण 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्यावा. ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा आणि कुळाची नोंद पाहा, खाली प्रलंबित फेरफारही. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (हस्तांतरणावर निर्बंध असलेली) असेल, तर विक्रीला परवानगी लागते का, हे इसार देण्यापूर्वीच तपासा.