तेच मशिन, तोच बिघाड : मूळ कारणाच्या शोधाची पार्श्वभूमी

कोणत्याही कारखान्याचं ब्रेकडाउन रजिस्टर उघडा, एक नोंद हमखास भेटते : 'बेअरिंग खराब. बदलले. मशिन चालू.' दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तीच नोंद, फक्त अक्षर दुसऱ्या शिफ्टच्या फिटरचं. मेंटेनन्सवाल्यांनी काम चोख केलेलं असतं, प्रॉडक्शन थांबलेलं नसतं, आणि म्हणूनच ते बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारं कडं, का गेलं हे विचारायला कुणाला सवड होत नाही. तोवर काढलेलं बेअरिंग भंगारात गेलेलं असतं. हा प्रश्न नेटाने विचारायला माणसं कशी शिकली, त्याचा माग रेल्वेच्या पहिल्या पिढीपर्यंत मागे जातो.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल (चाकं ज्यावर बसतात तो दांडा) म्यूदाँजवळ मोडला. मागचे डबे इंजिनावर चढले आणि पेटले. डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली, त्यांत दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमांमुळे गाजलेला दर्यावर्दी द्युमाँ द'उर्विलही होता. अ‍ॅक्सल मोडण्याचे प्रकार तेव्हा अधूनमधून घडतच होते आणि त्यावरचं स्पष्टीकरणही तयार होतं : हादऱ्यांनी लोखंडाचे तंतू जाऊन ते स्फटिकासारखं ठिसूळ होतं. तुटलेला भाग दाणेदार दिसायचा, त्यामुळे हे सगळ्यांना पटायचंही.

पुढच्याच वर्षी विल्यम रँकिन या तरुण इंजिनिअरने मोडलेल्या अ‍ॅक्सलकडे नीट पाहून वेगळंच सांगितलं. जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो त्या खांद्याच्या कोपऱ्यापासून तडा सुरू होतो आणि हळूहळू आत सरकतो. उरलेली मधली धातू भार सोसेनाशी झाली की अ‍ॅक्सल एका झटक्यात तुटतो. उपाय म्हणून त्याने तो कोपरा काटकोनी न ठेवता मोठ्या गोलाईचा करायला सुचवलं. आजही लेथवरच्या टर्नरला शाफ्टच्या (फिरत्या दांड्याच्या) स्टेपवर, म्हणजे अशाच खांद्यावर, ठरावीक रेडियस (गोलाई) द्यायला सांगतात, ते याच कारणाने. ड्रॉइंगमधला तो बारीकसा आकडा घाईत सुटला की शाफ्ट पुन्हा त्याच जागी मोडतो.

पण 'हळूहळू' म्हणजे किती, हे कुणी मोजलेलं नव्हतं. ते प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्योलरने केलं. त्याची पद्धत मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. १८५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने आधी धावत्या गाड्यांच्या अ‍ॅक्सलवर प्रत्यक्षात किती भार येतो, ते किती वाकतात, याच्या नोंदी घेतल्या. मग वर्कशॉपमध्ये फिरता दांडा सतत वाकवत ठेवणारी यंत्रं बांधली आणि लाखो फेरे मोजत राहिला. १८७० पर्यंत त्याचे निष्कर्ष पक्के झाले होते : एकदाच दिला तर सहज पेलला जाईल असा भारही पुनःपुन्हा पडला की धातू तुटते, किती फेऱ्यांनंतर तुटेल हे ताण किती वर-खाली होतो यावर ठरतं, आणि पोलादाच्या बाबतीत एक मर्यादा अशी असते की ताण तिच्या आत राहिला तर फेऱ्या कितीही होवोत, तडा जात नाही. 'मटेरियल खराब होतं' एवढ्यावर विषय संपवण्याची सोय त्यानंतर उरली नाही.

बॉयलरची गोष्ट याच काळातली. स्फोट झाला की दोष बहुधा आगवाल्यावर जायचा, 'त्याने पाणी कमी होऊ दिलं.' १८५४ मध्ये मँचेस्टरला बॉयलर मालकांनीच संघ काढून नियमित तपासणी सुरू केली, आणि झिजलेले पत्रे, गंज, कच्ची रचना या गोष्टी नोंदींत येऊ लागल्या. आपल्याकडे १८६३ मध्ये कोलकात्यात एक जीवघेणा स्फोट झाला. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला, पुढे १९२३ मध्ये देशभरासाठी भारतीय बॉयलर कायदा आला. अपघाताची खबर चोवीस तासांत निरीक्षकाला देण्याची सक्ती त्यात होती.

जपानमध्ये हा विचार मागावरून आला. साकिची टोयोडा (टोयोटा मोटरच्या संस्थापकाचे वडील) यांचा, धागा तुटताच आपोआप थांबणारा माग १९२४ मध्ये पूर्णत्वाला गेला. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. आपल्या गिरणगावात ज्यांची यंत्रं धडधडत होती, तीच ही कंपनी. बिघाड होताच थांबायचं आणि कारण शोधून मगच पुढे जायचं, हा आग्रह टोयोटात ताइची ओनो या इंजिनिअरने कारखानाभर नेला. त्याने दिलेलं उदाहरण आज प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. मशिन का थांबलं? ओव्हरलोड होऊन फ्यूज उडाला. ओव्हरलोड का? बेअरिंगला पुरेसं तेल नव्हतं. का? पंप तेल नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजून ढिला झाला होता. तो का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, धातूचा चुरा आत जात होता. पहिल्याच उत्तरावर थांबलं तर नवा फ्यूज बसतो, तिसऱ्यावर थांबलं तर पंप दुरुस्त होतो, आणि काही महिन्यांत मशिन पुन्हा बंद.

आपल्या कारखान्यांत याचं 'व्हाय-व्हाय' झालं आणि त्याचा फॉर्म आला. चाकण-भोसरीच्या पुरवठादारांना ग्राहकाकडून तक्रार आली की 'एट-डी' (आठ टप्प्यांचा अहवाल) भरून द्यावा लागतो. फोर्डने १९८७ च्या सुमारास रूढ केलेली ही पद्धत. फॉर्म चांगलाच आहे. पण पाचवा 'का' ऑफिसात बसून लिहिला की उत्तर ठरलेलं : 'ऑपरेटरचे दुर्लक्ष, समज दिली.' ओनोच्या साखळीत एकाही माणसाचं नाव नाही, आणि तिची प्रत्येक कडी मशिनजवळ जाऊन हाताने तपासता येते. गाळणी आहे की नाही, हे बघायला पंप उघडावाच लागतो. 'समज दिली' हे उत्तर मात्र काहीही न उघडता लिहिता येतं, म्हणून ते मी कारण मानायला तयार नाही.

वंगणाचा प्रश्न ओनोच्या उदाहरणापुरता नव्हता. ब्रिटनच्या पोलाद कारखान्यांत बेअरिंग आणि गिअर वारंवार निकामी होत होते. १९६४ मध्ये कार्डिफला त्यावर इंजिनिअरांची परिषद झाली, मग पीटर जोस्टच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्या १९६६ च्या अहवालाने सांगितलं की घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. 'ट्रायबॉलॉजी' हे नाव तिथूनच रुजलं.

आणि १९७८ मध्ये एक मोठा समज मोडला. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांच्या बिघाडनोंदी तपासल्या, तेव्हा वय वाढलं म्हणून बिघडण्याची शक्यता वाढते असे भाग जेमतेम ११ टक्के निघाले. ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातच जास्त होता. म्हणजे ठरल्या तारखेला सगळं खोलून पुन्हा बांधण्यातूनच काही बिघाड जन्माला येत होते. 'चालत्या मशिनला हात लावू नये' असं जुने फिटर म्हणतात, त्याला अनुभवाचा आधार आहे. ओव्हरहॉलनंतरच्या आठवड्यात आलेला बिघाड म्हणूनच वेगळा नोंदवायला हवा : कोणी काय खोललं, अलाइनमेंट घेतलं का (शाफ्ट एका रेषेत आणले का), बेअरिंग गरम करून बसवलं की ठोकून.

अलीकडचं उदाहरण मोटरचं आहे. १९९० च्या दशकात मोटरचा वेग कमीजास्त करणारे, वेगाने स्विचिंग करणारे व्हीएफडी ड्राइव्ह सर्रास आले, आणि वर्षानुवर्षं नीट चाललेल्या मोटरींची बेअरिंग काही महिन्यांत जाऊ लागली. ग्रीस बदललं, कंपनी बदलली, तरी तेच. बेअरिंग कापून आतली धाव (गोळ्या फिरतात ती वाट) पाहिली की तिच्यावर सरी-वरंब्यासारख्या, ठरावीक अंतरावरच्या आडव्या पट्ट्या दिसतात आणि ग्रीस काळं पडलेलं असतं. ड्राइव्हमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं, ते ग्रीसचा पातळ थर भेदून गोळ्यांमधून उतरतं, आणि दर ठिणगीला धातूचा कण वितळतो. इथे शाफ्टला ते व्होल्टेज उतरवून देणारी अर्थिंग रिंग लागते, किंवा इन्सुलेटेड अथवा सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग. मेकॅनिकलवाले आणि इलेक्ट्रिकलवाले एकत्र बसले नाहीत तर हे कारण कुणाच्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

हे सगळं कळतं ते काढलेल्या भागावरून. त्यामुळे बेअरिंग निघालं की धुवायचं नाही, ग्रीस पुसायचं नाही. मशिन नंबर, तारीख, जोडणीकडची (ड्राइव्ह एंड) बाजू की मागची, आणि बाहेरच्या रिंगवर वरची बाजू कोणती याची खूण, एवढं टॅगवर लिहून ते पिशवीत घालायचं. रिंगवर भार कुठे आला आणि शाफ्ट तिरका होता का, हे त्या खुणेवरूनच वाचता येतं.