पार्श्वभूमी : उरलेल्या नत्राचे काय झाले?

पीक कापून नेले की त्याबरोबर नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) ही अन्नद्रव्येही शेताबाहेर जातात. ते परत कसे आणायचे, हा शेतीपुढचा फार जुना प्रश्न आहे. शेणखत, राख, द्विदल पिकांचा बेवड (म्हणजे त्यांनी पुढच्या पिकासाठी मागे ठेवलेला कस), जमीन पड टाकणे ही त्याची उत्तरे लोकांनी अनुभवातून शोधली. त्यामागचे कारण कळायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. झाडे कुजलेला सेंद्रिय अंशच खाऊन वाढतात, हा तोवरचा समज जर्मनीतल्या कार्ल स्प्रेंगेलने १८२०च्या दशकात खोडायला घेतला. १८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिगने खनिज अन्नद्रव्यांचा सिद्धान्त गाजवला. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी तेच उत्पादन अडवून धरते, हा नियम आजही लीबिगच्या नावावर खपतो. मांडला होता तो आधी स्प्रेंगेलने.

कमतरता कळल्यावर ती भरून काढण्याची धावपळ सुरू झाली. पेरूच्या किनाऱ्याजवळच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे प्रचंड थर होते. हा ग्वानो जहाजे भरभरून युरोपात गेला आणि काही दशकांतच तिथला चांगला माल संपला. पुढे दक्षिण अमेरिकेतल्याच आटाकामाच्या वाळवंटातल्या सोडियम नायट्रेट या नत्रयुक्त क्षाराचा भाव वाढला आणि १८७९ मध्ये त्या पट्ट्यावरून चिली, पेरू व बोलिव्हियात युद्ध पेटले. द्विदलांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र बांधतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी १८८६ मध्ये दाखवले खरे, पण वाढत्या मागणीला तेवढे पुरणारे नव्हते. अखेर १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून खताला लागणारा अमोनिया बनवून दाखवला आणि कार्ल बॉशच्या देखरेखीखाली १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या नत्रावर पिकते.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. दिलेल्या नत्रापैकी ढोबळमानाने निम्मेच पिकाच्या वाट्याला येते, हे त्यामानाने कमी बोलले जाते.

उरलेले नत्र कुठे जाते, याचा पुरावा अगदी सुरुवातीपासून समोर होता. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबॉक या शेतात गव्हावरचा खतप्रयोग सुरू केला. तो अजून चालू आहे. १८४९ मध्ये तिथल्या पट्ट्यांखाली निचऱ्याचे नळ घातले गेले. १८६०च्या दशकात नळांतले पाणी तपासले, तेव्हा जितके नत्र जास्त दिले तितके नायट्रेट (नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप) पाण्यात जास्त, असा सरळ हिशोब निघाला. वर्षाला हेक्टरी ३५ टन शेणखत मिळणाऱ्या पट्ट्यातूनही नायट्रेट भरपूर झिरपते. म्हणजे खत सेंद्रिय असले की झाले, असेही नाही.

जवळच्या पार्क ग्रास या कुरणात १८५६ पासून चाललेला प्रयोग तर याहून बोलका. कोणत्या खताने चारा किती वाढतो, एवढेच पाहायचे होते. दोन-तीन वर्षांतच प्रत्येक वाफ्यातली वनस्पती इतकी बदलली, की बियाणेच वेगळे टाकले असावे असे वाटावे. खत न दिलेल्या वाफ्यांत आजही ४०च्या आसपास जाती सापडतात. वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट भरपूर दिलेल्या, चुना न टाकलेल्या वाफ्यात माती आम्ल होत गेली आणि जेमतेम दोन-तीन जाती उरल्या. चारा वाढवण्यासाठी मांडलेला हा प्रयोग नैसर्गिक कुरणांच्या ऱ्हासाची नोंद म्हणून वाचायला पुढच्या पिढ्यांनी फारच वेळ घेतला.

खतातली अन्नद्रव्ये पाण्यात गेली की काय होते, याबाबत डोळे उघडले ते एका छायाचित्राने. कॅनडात ऑन्टारिओमधल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मध्यभागी डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९७३ मध्ये प्लास्टिकचा पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र टाकले, स्फुरद मात्र एकाच भागात. विमानातून छायाचित्र काढले, तेव्हा स्फुरद टाकलेला तेवढाच भाग शेवाळाने हिरवागार झाला होता. नियम आले तेही सावकाश : युरोपीय संघाचा नायट्रेटविषयक निर्देश १९९१चा. त्यात जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राची मर्यादा आहे.

नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीतल्या हेदर या बुटक्या झुडपाच्या माळरानांवर ही कहाणी उलटी फिरली. शेतकरी शतकानुशतके तिथला मातीचा वरचा थर मुळांसकट कापून गोठ्यात अंथरत आणि शेणामुताने भिजला की शेतात टाकत. शेत कसदार होई, माळ हलका राही. हेदरला तसाच हलका माळ मानवतो. रासायनिक खत आल्यावर ही मेहनत बंद पडली, त्यात गोठ्यांतला अमोनिया आणि वाहनांचा धूर यांतून वरून नत्र पडू लागले. हेदर मागे हटली, गवत माजले. आता निसर्गसंवर्धन करणारे यंत्रे लावून तोच थर पुन्हा खरवडून नेतात. मात्र नत्राबरोबर स्फुरद आणि मातीचे आम्लपण आवरणारी खनिजेही जातात. म्हणून काही माळांवर आता दगडाची बारीक भुकटी पसरून पाहिली जात आहे.