फाउंटन्स ॲबी

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशायरमधील सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठाचे भग्नावशेष. रिपन शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ५ किमी.वर, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात ते आहेत.

यॉर्कच्या सेंट मेरी मठातील जीवन फार सुखासीन झाले, या खंतीने तेथील १३ बेनिडिक्टाइन (सेंट बेनिडिक्टच्या नियमांनुसार राहणारे) संन्यासी ११३२ मध्ये बाहेर पडले. यॉर्कचे आर्चबिशप (प्रमुख धर्माधिकारी) थर्स्टन यांनी त्यांना ही तेव्हाची ओसाड जागा दिली. पहिले दिवस अतिशय हलाखीचे गेले. ११३५ मध्ये त्यांना सिस्टर्शियन पंथात प्रवेश मिळाला. न रंगवलेल्या लोकरीचा अंगरखा, दीर्घ मौन, प्रार्थना आणि अंगमेहनत ही या पंथाची शिस्त.

साधेपणासाठी घर सोडलेल्या या मंडळींचा मठ पुढे इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत सिस्टर्शियन मठ ठरला, तो मेंढ्यांच्या जोरावर. शेती आणि कळप सांभाळत ते श्रमबंधू. तेही व्रतस्थच, पण बहुधा निरक्षर; त्यांचे जेवण, झोपणे, चर्चमधील जागा सारे वेगळे. लोकर इटलीच्या व्यापाऱ्यांपर्यंत जाई. मठ समजून घ्यायचा तर चर्चआधी पश्चिमेची इमारत पाहावी. सुमारे ९० मीटर लांबीचे तिचे कमानदार तळघर आजही छतासह उभे आहे. तिथे कोठार आणि श्रमबंधूंचे भोजनगृह होते. वरच्या मजल्यावर ते झोपत. या वास्तूतला सर्वांत बोलका भाग हाच.

चर्चच्या उत्तरेचा सुमारे ५० मीटर उंच मनोरा मठाधिपती मार्मड्यूक ह्यूबी (कार्यकाल १४९५–१५२६) यांनी बांधवला. पंथाच्या आरंभीच्या नियमांत दगडी घंटामनोऱ्यांना मनाई होती. तो नियम तोवर किती मागे पडला होता, हे या मनोऱ्यावरून कळते.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने देशातील मठ बरखास्त केले, त्यात १५३९ मध्ये हा मठ बंद झाला. जागा लंडनचे व्यापारी रिचर्ड ग्रेशम यांनी विकत घेतली. छपराचे शिसे आणि खिडक्यांच्या काचा काढून नेल्या गेल्या. जवळच १६०४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या फाउंटन्स हॉल या वाड्यासाठीही इथलाच दगड वापरला. १७६७ मध्ये विल्यम एझलबी यांनी हे अवशेष घेऊन शेजारच्या स्टडली रॉयल उद्यानाला जोडले. १९८३ पासून व्यवस्था नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असून १९८६ मध्ये उद्यान व अवशेष मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. मठाची बाराव्या शतकातील पाणचक्की मात्र कधी भग्न झालीच नाही. तिचा उपयोग संपला नव्हता. १९२७ पर्यंत तिथे धान्य दळले जात होते.